मध्यम बजेटचा गेमिंग पीसी: एएम४वर १६ जीबीचं कार्ड की एएम५वर ८ जीबीचं?

मध्यम बजेटात सुट्या भागांची जुळवाजुळव करायला बसलं की शेवटी दोन याद्या हातात उरतात. एकीत जुना, स्वस्त पाया (एएमडीचं एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसायची जागा) आणि तगडं ग्राफिक्स कार्ड. दुसरीत नवा पाया (एएम५), पण त्याने खाल्लेले जादा पैसे कार्डातून कापलेले. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून ही ओढाताण आणखी वाढली आहे. दोन्ही याद्या शेजारी मांडू.

| | पहिली यादी | दुसरी यादी |
|---|---|---|
| प्रोसेसर | रायझन ५ ५६०० | रायझन ५ ७६०० |
| मदरबोर्ड | बी५५०, एएम४ सॉकेट | बी६५०, एएम५ सॉकेट |
| रॅम | डीडीआर४ ३२००, ८ जीबीच्या दोन | डीडीआर५ ६०००, १६ जीबीच्या दोन |
| कार्ड | आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी | आरटीएक्स ५०६०, ८ जीबी |

दोन्ही प्रोसेसर ६ कोअर, १२ थ्रेडचेच. तरी ७६०० स्पष्टपणे वेगवान आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की तो वेग तुमच्या खेळात दिसणार आहे का.

कार्ड: खरा निर्णय इथे आहे

कार्डाची ८ जीबी मेमरी कमी पडते तेव्हा नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे जाहिरातीतल्या आकड्यांनी फसायला होणार नाही. ५०६०ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते. खेळाचं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) तिच्यात मावेनासं झालं की उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय स्लॉटमधून (मदरबोर्डवरची कार्डाची खाच) ये-जा करतो. हे कार्ड त्या स्लॉटच्या फक्त ८ लेन (माहितीच्या वाटा) वापरतं. बी६५०वर त्याला चौथ्या पिढीचा स्लॉट मिळतो, म्हणजे सेकंदाला साधारण १६ जीबी. जुन्या बी४५० बोर्डावर तिसरी पिढी, म्हणजे ८ जीबी. चारशे अठ्ठेचाळीसवरून सोळावर! म्हणून सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ठीक दिसतो, पण वळणावर, दार उघडताना, नव्या भागात शिरताना चित्र अडखळतं. काही खेळ अडखळत नाहीत; ते गुपचूप धूसर टेक्स्चर दाखवतात. तेव्हा नुसता सरासरी आकडा पाहून कार्ड घेऊ नका, ‘१ टक्का लो’चा, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा बघा.

९०६० एक्सटी पूर्ण १६ लेनचं आहे, त्यामुळे बी५५०वर त्याची गळचेपी होत नाही. मात्र त्याचंही ८ जीबीचं रूप बाजारात आहे आणि नाव तेच. बिलावर ‘१६ जीबी’ लिहून घ्या. आरटीएक्स ५०६० टीआयचंही तसंच: ८ आणि १६ अशी दोन रूपं, दोन्ही १८० वॅटची. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी एनव्हिडियाचं कार्ड हवंच असेल, तर १६ जीबीचं ५०६० टीआय घ्या आणि पहिल्या यादीत बसवा.

१०८०पी रेझोल्यूशनवर टेक्स्चर ‘हाय’ऐवजी ‘मीडियम’ ठेवायची तयारी असेल तर ८ जीबीही चालून जाते. १४४०पी मॉनिटर घेणार असाल तर ८ जीबीचं कार्ड नवं विकत घेऊच नका.

मग एएम५ कुणासाठी?

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे खेळ आणि २४० हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर ताण प्रोसेसरवर येतो, कार्डावर नाही. तिथे ७६०० पैसा वसूल करतो आणि ८ जीबी पुरेशी असते. दुसरा गट म्हणजे टप्प्याटप्प्याने मशीन वाढवणारे. एएम५ला २०२७पर्यंत आणि पुढेही पाठिंबा देऊ असं एएमडीने सांगितलं आहे; त्याच बोर्डावर पुढे एक्स३डी (जादा कॅशे मेमरीचा, खेळांत वेगवान) प्रोसेसर बसेल. एएम४वर हा रस्ता जवळपास संपला. एएम४चा ५७००एक्स३डी नवा मिळणं कठीण झालं आहे. म्हणजे पहिली यादी निवडताना हे धरून चला, की पुढचा बदल प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा एकदम तिघांचा असेल. कार्ड मात्र तेव्हा नव्या बोर्डावर जसंच्या तसं जाईल. हाच विचार करून, मोठे कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याला आम्ही पहिली यादीच सुचवू.

रॅम महाग म्हणून डीडीआर५ची एकच १६ जीबीची कांडी घेऊन दुसरी नंतर टाकायचा मोह होतो. चालतं, पण तोवर बँडविड्थ निम्मी राहते आणि नंतर आणलेली वेगळी कांडी ६०००वर चालेलच असं नाही.

इंटेलचा आय५-१२४००एफ हा तिसरा पर्याय. डीडीआर४चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड स्वस्तात मिळत असेल तर तो ५६००च्या तोडीस तोड आहे. ५६०० आणि १२४००एफ, दोन्हींत अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर पडद्यावर काहीच येणार नाही. ७६००मध्ये ते आहे.

जिथे काटकसर महागात पडते

पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, संरक्षण नाही. ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज संरक्षण आहे का ते वेगळं पाहा. कॅबिनेटसोबत फुकट येणारा सप्लाय या कार्डांना जोडू नका.

वीज जाणाऱ्या गावात यूपीएसचा हिशोबही आत्ताच करा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. खेळताना मशीन ३००च्या आसपास ओढतं, वर मॉनिटर. म्हणजे काठावरच. १००० व्हीएच्या वरचा घ्या.

विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान जेवढं वाढेल तेवढं प्रोसेसरचं वाढतं. सोबत येणारा छोटा कूलर ७६००ला तिथे अपुरा पडतो. चार हीटपाइपचा टॉवर कूलर आणि पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. काचेचं बंद तोंड नको.

जोडणी करताना अडतं ते

रॅमच्या दोन कांड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची आठ पिनची वायर ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्ही सारख्या दिसतात, पण एकमेकींच्या जागी जोर करून बसवू नका. कूलरच्या तळाची प्लास्टिकची पातळ फिल्म काढा. ती राहिली की तापमान मिनिटभरात नव्वदीला भिडतं. एएम५वर पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. ते मेमरी ट्रेनिंग आहे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो), बटण दाबून बंद करू नका. जुन्या साठ्यातला बी५५० ५६००ला ओळखत नसेल तर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागतं. म्हणून फ्लॅशबॅक बटण (पेनड्राइव्हवरून थेट बायोस अपडेट करणारं) असलेला बोर्ड निवडा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात जोडून घेत असाल, तर निघण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेग पाहा. ३२००च्या जागी २४०० किंवा ६०००च्या जागी ४८०० दिसलं, तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नाही. मॉनिटरची वायर मदरबोर्डात नाही, कार्डातच आहे ना, तेही बघा. घरी गेल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ बदलून मॉनिटरचा पूर्ण दर निवडा.