भीमबेटका : तीन तास तरी हातात ठेवा

भीमबेटका म्हणजे भोपाळजवळच्या टेकड्यांमधली प्राचीन भित्तिचित्रं. भोपाळचे टॅक्सीवाले हे आणि भोजपूरचं शिवमंदिर एकाच फेरीत उरकतात, आणि त्यात भीमबेटकाच्या वाट्याला जेमतेम तास येतो. गाडी ठरवतानाच बजावून सांगा, की इथे आम्ही निदान तीन तास थांबणार. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून माझा पाय निघत नव्हता हे खरं. पण बरोबर आलेली भाची आणि तिचे सासरे यांनीही एकदासुद्धा ‘चला आता’ म्हटलं नाही.

भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटर, नर्मदापुरमच्या रस्त्याला. सकाळी लवकर पोचा, पाणी आणि डबा बरोबर असू द्या. आत बांधीव पायवाट आहे, ज्येष्ठांनाही सावकाश जमते. या टेकड्यांमध्ये ७०० हून जास्त शैलाश्रय, म्हणजे पुढे आलेल्या कातळाखालचे उघडे आडोसे आहेत, त्यांतले पंधराएक आपल्याला पाहायला मिळतात. तेवढे पुरतात.

चार नंबरच्या शैलाश्रयाला ‘झू रॉक’ म्हणतात. तिथे बूड टेकून बसाच. पहिल्यांदा नुसता रंगांचा गुंता दिसतो. जरा नजर बसली की पांढऱ्या रंगातली जनावरं सुटी होतात, मग त्यांच्या अंगावरून गेलेल्या लाल रेघा, मग घोडेस्वार. नंतर आलेल्याने आधीचं पुसलं नाही, त्याच्यावरच काढलं. कुठली रेघ वर, कुठली खाली, हे शोधायला लागलात की तासभर कुठे जातो कळत नाही. लाल रंग म्हणजे गेरू. तो वालुकाश्मात मुरलाय आणि वरचा कातळ छपरासारखा पुढे आलाय, म्हणून इतके पावसाळे निघाले.

गाईड घ्या. आमच्या गाईडने वाकणकरांची गोष्ट फार मनापासून सांगितली. १९५७ साली आगगाडीतून जाताना पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना हे खडक दिसले आणि ते शोध घेत इथवर आले. नीमचला जन्मलेले, घरचे मराठी, आणि मुळात चित्रकार! चित्रकाराचा हात होता म्हणूनच त्यांना या भिंती वाचता आल्या, असं माझं ठाम मत आहे. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी इथे उत्खनन केलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वी. एन. मिश्रांनीही केलं. १९७५ साली वाकणकरांना पद्मश्री मिळाली, आणि मध्य प्रदेश सरकार पुरातत्त्वासाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देतं. तो सन्मान भिंतीसमोर दिवसच्या दिवस उभं राहून एकेक रेघ वेगळी करणाऱ्यांकडे जावा, असं झू रॉकपाशी बसून फार वाटलं.

एका बाबतीत मात्र गाईडच्या भरवशावर राहू नका. ऑडिटोरियम गुहेत त्याने पानासारखा एक ठसा दाखवला आणि ‘५५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म’ म्हणून सांगितलं. २०२१ मध्ये तसा दावा प्रसिद्ध झाला होता. नंतर दुसऱ्या संशोधकांनी जागेवर येऊन तपासलं, तर तो मधमाश्यांच्या पोळ्याचा अवशेष निघाला, आणि मूळ दावा करणाऱ्या शास्त्रज्ञानेही ते मान्य केलं. मी हे सांगितल्यावर गाईडने तिथल्या तिथे वहीत टिपून घेतलं. पोरगा शिकणारा आहे, त्याचं मला कौतुक वाटलं.

मुलांना नेणार असाल तर स्केचबुक आणि पेन्सिल द्या, मोबाईल पिशवीत राहू द्या. फोटोत या रेघा फिक्या येतात. काढायला बसलं की जनावराच्या पोटात भरलेल्या बारीक तिरप्या रेषासुद्धा दिसायला लागतात. माझ्या भाचीने, जिने दहावीनंतर पेन्सिल धरली नव्हती, दोन हरणं सुरेख उतरवली.

पंधरा नंबरचा वराह शैलाश्रय वाटेच्या शेवटी आहे. तोवर पाय बोलायला लागतात आणि बरेच जण अलीकडूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. शिंगं असलेलं, डुकराच्या तोंडाचं ते प्रचंड लाल जनावर आणि त्याच्यापुढे पळणारा एवढासा माणूस, हे चुकवून भोजपूर गाठण्यात काही अर्थ नाही.