सीटीएबी पावडर: सोन्याच्या नॅनोरॉडसाठी घ्यावी का?

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर सुटी मिळणारी सीटीएबी (सेटिलट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड, साबणासारखं रसायन) स्वस्त पडते, पण सोन्याच्या नॅनोरॉडसाठी, म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म कांड्या वाढवायला, ती घेऊ नका. डबीवरच्या ९९ टक्के शुद्धतेवरून तिच्यात मिसळलेल्या आयोडाइडचा अंदाज येत नाही. ते पीपीएममध्ये (दहा लाखांत काही भाग) असलं तरी सोन्याच्या पृष्ठभागाला ब्रोमाइडपेक्षा घट्ट चिकटतं. मग रॉड लांबीत वाढत नाहीत, गोळे होतात. द्रावणाच्या प्रकाश-शोषणाच्या स्पेक्ट्रममध्ये ५२० नॅनोमीटरजवळ एकच शिखर आणि ७०० ते ८०० मध्ये काहीच नाही, असं झालं तर वाढीच्या द्रावणातल्या ॲस्कॉर्बिक ॲसिडला दोष देण्याआधी सीटीएबीचा लॉट (एका खेपेत बनलेला माल) बदलून बघा. सीलबंद डबीच घ्या, लॉटचं प्रमाणपत्र मागा आणि चांगला लॉट सापडला की त्याच लॉटच्या आणखी डब्या घेऊन ठेवा. पैसे वसूल होतात.

१०० मिलि ०.१ मोलर द्रावणाला ३.६४ ग्रॅम पुरते. कोमट पाण्यात हळू ढवळा, नाहीतर नुसता फेस होतो. एसी लॅबमध्ये तापमान २५ अंशांखाली गेलं की तळाशी पांढरे स्फटिक बसतात आणि द्रावणातली सीटीएबी कमी होते. म्हणून रॉड वाढवायचं द्रावण २८ ते ३० अंशांवरच ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी डबी दमट होते, गुठळ्या होतात, वजन चुकतं. डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) हवाच.