नाळ जतन करण्याची सेवा : रक्ताचा अहवाल चोख, ऊतीचा एका ओळीत

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी सोलापूरला माहेरी आली, तेव्हा मेहुण्यांनी नाळेतील रक्त आणि नाळेचा तुकडा (म्हणजे ऊती) असे दोन्ही, त्यांतल्या मूलपेशींसाठी (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींसाठी), जतन करून देणाऱ्या एका खासगी कंपनीशी आधीच करार केलेला होता. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे कागदपत्रे वाचण्याचे काम माझ्याकडे आले.

नमुना नेण्याच्या कामात खोट काढण्यासारखे फारसे नाही. पहाटे अडीचला फोन केल्यावर कंपनीचा मुलगा पाऊण तासात होटगी रस्त्यावरच्या प्रसूतिगृहात हजर झाला आणि पिशवीवर नाव व वेळ लिहून बहिणीकडून तपासून घेतल्यावरच त्याने डबा बंद केला. मात्र आतल्या तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र त्या डब्यात नव्हते, आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ही चूक लहान नाही.

तीन आठवड्यांनी आलेल्या अहवालात रक्ताविषयी एकूण पेशी, सीडी-३४ पेशी (रक्त घडवणाऱ्या मूलपेशींची खूण असलेल्या), जिवंत पेशींचे प्रमाण आणि जंतुसंसर्गाची तपासणी असे सर्व आकडे होते. नाळेच्या तुकड्यापुढे मात्र ‘समाधानकारक’ एवढा एकच शब्द. वास्तविक नाळ ही एकजिनसी वस्तू नव्हे. दोन धमन्या, एक शीर, भोवतीचा जेलीसारखा मऊ पदार्थ (व्हार्टन जेली) आणि वरचे अस्तर यांपैकी कोणत्या भागातून पेशी घ्यायच्या, त्या विकराने (एन्झाइमने) सुट्या करायच्या की बारीक तुकड्यांतून आपोआप बाहेर येऊ द्यायच्या, किती वेळा वाढवून मग मोजायच्या, यावर हाती येणाऱ्या पेशी बदलतात. वारेच्या बाबतीत तर आईकडच्या थरातून घेतलेल्या पेशी बाळाच्या नसून आईच्याच निघू शकतात. म्हणूनच मेसेनकायमल पेशींसाठी, म्हणजे अशा ऊतींतून मिळवायच्या मूलपेशींसाठी, २००६ साली आंतरराष्ट्रीय किमान निकष ठरले : पेशी प्लॅस्टिकला चिकटाव्यात, सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर असाव्यात, आणि त्यांपासून हाड, मेद व कूर्चा यांच्या पेशी घडवता याव्यात. या निकषांनी पेशींची ओळख पटते, उपचारातला गुण नव्हे; पण आमच्या अहवालात ओळखही नव्हती. विचारल्यावर ‘सर, आमची पद्धत गोपनीय आहे’ असे अत्यंत नम्र उत्तर मिळाले.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाळेतील रक्ताखेरीज इतर जैविक पदार्थांच्या व्यावसायिक साठवणुकीला मान्यता नाही, ही गोष्ट विक्री प्रतिनिधीने सांगितलीच नव्हती. बाळाच्या स्वतःच्याच भावी उपयोगासाठी रक्त ठेवण्यालाही ही तत्त्वे शास्त्रीय आधार मानत नाहीत. १९८८ साली पॅरिसमध्ये झालेल्या नाळेतील रक्ताच्या पहिल्या प्रत्यारोपणातही नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त भावाला दिले गेले होते.

रक्ताच्या सेवेला मी पाचपैकी तीन गुण देतो, ऊतीच्या सेवेला शून्य. ऊतीचा करार रद्द करण्याचा अर्ज मेहुण्यांनी दिला आहे. परताव्याची अद्याप वाट पाहत आहोत. कोणी विचार करत असेल, तर सही करण्यापूर्वी ऊतीच्या अहवालाचा एक कोरा नमुना मागून घ्यावा आणि त्यात आकड्यांचे रकाने किती आहेत ते मोजावेत.