‘ओपन फाइल’ मागितली आणि चित्रकार गायब

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नोकरी सांभाळून रात्री गेम बनवणारे काही जण माझ्या ओळखीचे आहेत, आणखीही असतील. हे त्यांच्यासाठी. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेमचं ‘लवकरच येत आहे’ पान लागलं की थोड्याच दिवसांत मेसेज सुरू होतात. गेम फार गोड आहे हो, पण कव्हर कमी पडतंय, मी करून देतो. यातले काही खरे चित्रकार असतात. आम्हाला भेटलेला नव्हता. त्याने बारा हजार तर घेतलेच, वर दुसऱ्याच्या चित्राची चोरी आमच्या पानावर आणून ठेवली.

गेम निवांत जातीचा. मारामारी नाही, वेळेची घाई नाही. जांबोटीच्या पावसात कौलारू मिठाईचं दुकान चालवायचं, दूध आटवून कुंदा करायचा, भिजून आलेल्या गिऱ्हाइकांशी बोलत बसायचं. काउंटरवर एक मांजर झोपलेलं असतं. कोड माझा, आतली पिक्सेल चित्रं मामेभावाची. तो ती झकास काढतो, पण कव्हर हे काम वेगळं.

वेगळं का, ते आधी सांगतो, कारण भामट्याला ओळखायची खूण त्यातच आहे. स्टीमवर एका चित्रात भागत नाही. पानाच्या माथ्यावरचं हेडर ९२० बाय ४३० पिक्सेल, पहिल्या पानावर झळकायचं असेल तर १२३२ बाय ७०६, सेलच्या पानांसाठी उभं ७४८ बाय ८९६, लायब्ररीसाठी ६०० बाय ९००. लायब्ररीचं रुंद चित्र ३८४० बाय १२४०, आणि त्यावर गेमचं नाव चालत नाही. नाव वेगळ्या पारदर्शक फाइलमध्ये द्यावं लागतं. सगळ्यात छोटं ४६२ बाय १७४, जे शोधाच्या यादीत त्याच्याही निम्म्या आकारात दिसतं. तिथे तुमचं धुकं, कौलं, पावसाचे थेंब काही दिसत नाही. दिसतं ते नाव, आणि फार तर एक ठळक आकृती. निवांत गेमचं कव्हर बहुतेक वेळा इथेच फसतं. सगळं मऊ, सगळं तपकिरी, नाव नाजूक वळणाच्या अक्षरात, आणि छोट्या चौकटीत त्याचा चिखल. बाहेर निळा पाऊस आणि आत एकच पिवळा दिवा असा सरळ फरक ठेवला तर नजर ठरते.

म्हणून ज्याला हे काम येतं तो आधी विचारतो, नाव किती अक्षरांचं आहे, लोगो कोण करणार, छोट्या चौकटीत मांजर ठेवायचं की दुकान. आमच्या माणसाने यातलं काहीच विचारलं नाही. त्याने विचारलं ते एवढंच, रंग कसे हवेत आणि पैसे कशावरून पाठवणार.

बोलायला मात्र पटाईत. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर पहिलाच मेसेज मांजराचं नाव घेऊन. ते ट्रेलरमध्ये दिसतं, पण तेवढं बघणारा माणूस भेटला की बरं वाटतंच. पोर्टफोलिओत गाजलेल्या दिसणाऱ्या गेमची कव्हरं होती. एकूण चोवीस हजार, निम्मे आगाऊ. शिवाय घाई. ऑक्टोबरचा नेक्स्ट फेस्ट जवळ आलाय, तुमच्याआधी दोघं रांगेत आहेत, आज ॲडव्हान्स आला तर तुमचं आधी घेतो. नेक्स्ट फेस्ट हा स्टीमचा येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा उत्सव. त्यात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे ही भीती बरोबर जागी लागते. यूपीआयवर पैसे गेले. खात्यावरचं नाव त्याच्या नावाशी जुळत नव्हतं, त्यावर त्याचं उत्तर तयार होतं की खातं भावाचं आहे.

दुसऱ्या दिवशी पेन्सिलचं स्केच आलं, आणि पाठोपाठ रंगवलेलं चित्र. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. आम्ही ते हेडरला लावलंसुद्धा. बाकीच्या मापांसाठी त्याच्याकडे तगादा लावला तर त्याने तेच चित्र कुठे ताणून, कुठे कडा कापून पाठवलं. नाव चित्रातच चिकटलेलं, त्यामुळे लायब्ररीचं रुंद चित्र होईना.

माझ्या वहिनींचं वडगावात फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिकांपासून गणेशोत्सवाच्या कमानींपर्यंत सगळं तिथे होतं. नाव वेगळं काढता येतंय का बघायला मी चित्र तिकडे नेलं. त्यांनी ते स्क्रीनभर मोठं केलं आणि आधी हसल्याच.

“भावजी, हे कुंदा व्हय? ही तर पांढरी बर्फी की. आणि ही कढई बघा, कडी काउंटरमध्येच विरघळलीय.”

खरंच होतं. कढईची एक कडी लाकडात मिसळून गेलेली, मांजराच्या मिशा एका बाजूला दुधाच्या वाफेत शिरलेल्या. कौलं आपली मंगलोरी नव्हेत, कुठल्यातरी परदेशी देवळाची. मग त्यांनी स्केच आणि रंगीत चित्र एकावर एक ठेवून वरच्याची पारदर्शकता निम्मी केली. रेघन् रेघ जुळली. वाफेचं वेटोळंसुद्धा. माणूस स्केचवरून रंगवायला बसला की हात हलतो, एखादी गोष्ट सरकते, एखादी गाळली जाते. इथे स्केचवरून चित्र झालंच नव्हतं, तयार चित्रावर फिल्टर मारून स्केच काढलं होतं.

“ओपन फाइल मागून घ्या की आधी,” वहिनी म्हणाल्या. “ज्यानं काढलंय त्याच्याकडे लेयर असणारच.”

ओपन फाइल म्हणजे चित्राचे थर, म्हणजे लेयर, जिच्यात सुटे राहतात ती मूळ फाइल. मागितली. तो म्हणाला, सोर्स फाइलचे आठ हजार वेगळे. मी म्हटलं देतो, पण आधी स्क्रीन शेअर करून लेयर उघडून दाखवा. त्यावर नेट स्लो आहे, मग लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय, मग ब्लॉक. ब्लॉक करायच्या आधी त्याने स्वतःचे मेसेज पुसायला सुरुवात केली होती. डिस्कॉर्डवर समोरच्याने त्याचा मेसेज पुसला की तो तुमच्याकडूनही जातो. पैशांचं बोलणं सुरू झालं त्याच दिवसापासून स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे.

मग त्याची पोर्टफोलिओची चित्रं एकेक करून गूगल लेन्सला दिली, ते चित्रावरून मूळ चित्र शोधून देतं. बहुतेक सगळी एका परदेशी चित्रकर्तीची निघाली. तिच्याच पानावर चहाच्या दुकानाचं एक चित्र सापडलं. तीच खिडकी, तोच पाऊस, मांजर त्याच कोपऱ्यात. ते एआयला देऊन आमचं ‘कव्हर’ पाडलेलं होतं. आम्ही त्याच रात्री हेडर बदललं आणि तिला सगळं कळवलं.

पैसे गेले ते गेले, पण मागचा धोका जास्त मोठा होता. जानेवारी २०२४ पासून स्टीम गेम दाखल करताना विचारतं की यात एआयने केलेलं काही आहे का, आणि दुकानाच्या पानावरची चित्रंही त्यात धरतात. आम्ही ‘नाही’ लिहिलं होतं. शिवाय गेमच्या नोंदणीला १०० डॉलर भरलेले. चित्रकर्तीने कॉपीराइटची तक्रार केली असती तर उत्तर द्यायला आम्हीच उभे राहिलो असतो, तो नव्हे.

तक्रारीचं सांगतो. १९३० वर फोन, किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात. फोन जितका लवकर तितकी पैसे पुढे जायच्या आत अडवण्याची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत फसवणूक कळेपर्यंत रक्कम खात्यातून निघून गेली होती. कर्नाटकात यासाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणी आहेत, तिथेही कागद दिलेत. तपास चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता दुसऱ्या चित्रकाराशी ठरवताना आम्ही पैसे टप्प्याने लावलेत. पहिला हप्ता बोटाच्या पेराएवढ्या तीन-चार काळ्यापांढऱ्या रफना, त्याही छोट्या चौकटीच्या मापात. मोठं चित्र त्यानंतर. शेवटचा हप्ता ओपन फाइल हातात आल्यावर, लोगोचा लेयर सुटा. ज्या गेमचं कव्हर केलं म्हणतो त्याच्या श्रेयनामावलीत नाव आहे का ते बघायचं, आणि त्या गेमवाल्यांना एक ईमेल टाकायचा. खरा चित्रकार याने रागावत नाही. कव्हरवर ‘सवलत’ किंवा बक्षिसांचे शिक्के टाकून देतो म्हणणाराही कच्चाच समजा, सप्टेंबर २०२२ पासून स्टीमला ते चालत नाही.

आणि कागद करा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क नावावर करून घ्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गेम विकायचा जगभर आणि कव्हरचा हक्क भारतापुरता, असं होऊन बसतं. ‘कायमचे, जगभरासाठी’ एवढे दोन शब्द घालायला वकील लागत नाही.

तो माणूस अजून फिरतोय. गेल्या आठवड्यात चिकोडीच्या एका ओळखीच्या पोराला मेसेज आला. नाव नवीन, चित्रं तीच, आणि ‘तुमच्याआधी दोघं रांगेत आहेत’ हे वाक्यही तेच.