‘अलीगढ’ लावायचा की ‘साबर बोंडं’?

रविवारी आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी आठ-दहाजण सिनेमा बघायला जमतात. या वेळी दोन नावांवर अडलंय. दोन्ही समलिंगी पुरुषांवरचे, दोन्ही शांत, आणि दोन्हींच्या परीक्षणांत ‘संयत’ हा शब्द हमखास भेटतो. पण दोन्हीकडं त्याचा अर्थ एक नाही.

हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ फेब्रुवारी २०१६ मध्ये लागला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या प्रा. रामचंद्र सिरस यांची ही खरी हकिकत: राहत्या घरात कॅमेरा घेऊन घुसलेली माणसं, निलंबन, अलाहाबाद उच्च न्यायालयाचा दिलासा आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हे घडलं २०१० साली, म्हणजे दिल्ली उच्च न्यायालयानं सहमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितल्यानंतर. सिनेमा आला तोवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल फिरवला होता. त्यामुळं मनोज वाजपेयींचं कौतुक करता करता समीक्षक अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरही लिहीत होते. लिहायलाच हवं होतं. लताबाईंचं गाणं ऐकत एकटेच बसलेले सिरस विसरता येत नाहीत. त्यांची बातमी करणाऱ्या पत्रकाराचा धागा मात्र मला सैल वाटतो.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ चा. तोवर सर्वोच्च न्यायालयानंच सहमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसून सात वर्षं होत आली होती. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापटांत त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. इथं कोर्ट नाही. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवस गावी येतो, बालमित्र बाळ्या भेटतो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा फारसा जागचा हलत नाही. बहुतेक समीक्षकांना हेच भावलं, काहींना तो संथ वाटला. संथ आहेच, पण सुतकातलं घर तसंच असतं. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला पंचगंगेच्या घाटावरच एका काकांनी मला लग्नाचं विचारलं. मी पाण्याकडं बघत गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याला एवढा वेळ देणारा मराठी सिनेमा मी आधी पाहिला नव्हता.

कायद्यावर बोलायचं असेल, तर ‘अलीगढ’ लावा. घरची माणसं सोबत बसणार असतील, तर ‘साबर बोंडं’. मी रविवारी तोच लावतोय, आणि आईला पुढच्या खुर्चीवर बसवणार आहे.