मोटारींच्या नोंदी आणि रेजेक्सचे नियम: दहा महिन्यांच्या वापरानंतर

निफाडजवळ आमचं शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करण्याचं, म्हणजे त्यांच्यातली तार नव्याने गुंडाळण्याचं, दुकान आहे. कुठली मोटार पुन्हा पुन्हा जळते हे जुन्या नोंदींवरून शोधायचं होतं. पण 'शेरा' रकान्यात ज्याच्या हाताला जसं आलं तसं लिहिलेलं: वाइंडिंग, वायंडिंग, वाईंडिंग, वाइडिंग. म्हणून पायथॉन या संगणकभाषेत रेजेक्सचे, म्हणजे मजकुरातला ठराविक साचा शोधणारे, नियम लिहायला घेतले.

वा[इईय]ं?डिं?ग हा एवढासा नियम ही चारही रूपं पकडतो. कंसातल्यापैकी कुठलंही एक अक्षर चालेल, आणि प्रश्नचिन्हाआधीचा अनुस्वार असला तरी ठीक, नसला तरी ठीक. हाताने जे करायला आठवडा गेला असता ते क्षणात झालं. शब्द एकसारखे करायच्या कामात रेजेक्सला तोड नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

अर्थ मात्र त्याला कळत नाही. 'जळालं' दिसलं की मोटार जळाली, असा नियम मी केला होता. त्यात 'वाइंडिंग जळालं नाही, कॅपॅसिटर गेला' ही नोंदही जळालेल्यांत जाऊन बसली. आता 'नाही' असलेला प्रत्येक शेरा वेगळा काढतो आणि स्वतः वाचतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच लक्षात घ्याव्यात. पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्समधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) हे 'कुठलंही अक्षर' पकडणारं चिन्ह काना, मात्रा, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. 'मोटार' शब्दाचे म, ट, र असे तुकडे पडतात. त्याऐवजी देवनागरीची पूर्ण अक्षरश्रेणी द्यावी. दुसरं, 'दुसऱ्या' मधला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण 'दुसऱ्या बोअरची मोटार' शोधली की काही नोंदी गायब. सगळ्यात आधी हे एकसारखं करून घ्यावं.

तारखांनी मात्र खरा धडा दिला. आमच्या संगणकावर प्रदेश अमेरिका असा निवडलेला राहिला होता. त्यामुळे स्प्रेडशीटने ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल ही तारीख ४ मार्च धरली. १३/०४ ला मात्र तेरावा महिना नाही म्हणून तो मजकूर तसाच राहिला. म्हणजे अर्ध्या तारखा गुपचूप उलटलेल्या! त्या ३ एप्रिलच्या मोटारीची सहा महिन्यांची गॅरंटी संपली असं समजून २० सप्टेंबरला आम्ही एका शेतकऱ्याकडून पैसे घेतले. छाटणी तोंडावर आलेली, बागेला पाणी हवं, आणि त्याचंच बरोबर होतं. पावती घेऊन तो परत आला तेव्हा पैसे परत केले, माफीही मागितली.

तेव्हापासून तारखेचा रकाना आधी मजकूर म्हणूनच घेतो. मग नियमाने दिवस, महिना, वर्ष वेगळे करतो. पायथॉनमध्ये आकडा पकडणारं बॅकस्लॅश-डी (\d) हे चिन्ह मराठी आकडेही ओळखतं, हे फार सोयीचं. पण ३१/०२ सुद्धा नियमातून सुटते, म्हणून शेवटी खरी तारीख बनवून बघायचीच. मूळ रकान्याला हात लावत नाही, सुधारलेलं शेजारी लिहितो.

'पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी' असंही एका नोंदीत होतं. २०२४ चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, म्हणून तिथे मी हाताने १० एप्रिल लिहिलं. अशा नोंदींसमोर 'तपासा' असा शिक्का पडतो, आणि दर शनिवारी दुकान बंद करताना त्या मी काकांना वाचून दाखवतो.