टाटा थिएटर, नरिमन पॉइंट : पियानो ऐकायला जाल तर कुठे बसाल?

एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समधलं टाटा थिएटर बांधलं गेलं ते आपल्या संगीतासाठी, माइकशिवाय ऐकू यावं म्हणून. 1980 साली ते सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. प्रेक्षागृह पंख्यासारखं पसरलेलं, हजाराच्या आसपास खुर्च्या, आणि तरी मागे बसलं की रंगमंच दूर गेल्यासारखा वाटत नाही. गाणं ऐकायला मी तिथे वर्षानुवर्षं जातेय आणि त्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही. हा अभिप्राय पियानोपुरता आहे. या हॉलमध्ये पियानोवादक ऐकू तर येतोच, पण दिसतो खूप, आणि तुम्ही कुठल्या बाजूला बसलात यावर तुमची संध्याकाळ कशी जाणार ते ठरतं.

मी गिरगावात पेटी शिकवते. भाची पियानो शिकते, तिकिटं तिनेच काढली होती. युरोपातून आलेला तरुण वादक, हल्ली बरंच नाव असलेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण जे म्हणायचंय ते त्याच्यासारख्या पुष्कळांना लागू आहे. कार्यक्रम भरगच्च होता : बीथोवनचा ऑपस (रचना क्रमांक) 109 सोनाटा, म्हणजे अनेक भागांची मोठी रचना, शोपँची नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाच्या रचना, आणि शेवटी लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी.

“मावशी, डावीकडची तिकिटं काढलीयेत, हात दिसतील,” असं भाची म्हणाली होती. बरोबर आहे. पियानोचं झाकण श्रोत्यांकडे उघडतं, म्हणून पट्ट्या नेहमी आपल्या डाव्या हाताला येतात. डावीकडे बसणाऱ्याला बोटं दिसतात, उजवीकडे बसणाऱ्याला चेहरा. वादकाने असं आडवं बसायची रीतसुद्धा दिसण्याशी जोडलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसेक नावाचा देखणा वादक प्रथम श्रोत्यांकडे कूस करून बसला, असं सांगतात. पुढे लिस्टने हा सगळा थाटच उभा केला. एकट्याने अख्खी संध्याकाळ वाजवायची, समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता वाजवायचं. 1840 साली लंडनमध्ये त्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत अशा एकट्याच्या मैफलीसाठी ‘रिसायटल’ हा शब्द आला आणि रूढ झाला. रंगमंचावर येऊन हातमोजे काढून टाकणं, केस मागे फेकणं, बायकांनी त्याच्या वस्तूंसाठी झोंबाझोंबी करणं, हे सगळं त्याच्या भोवतीचं. जर्मन कवी हाइनेने 1844 साली त्या वेडाला ‘लिस्टोमेनिया’ म्हटलं. तेव्हा आजचा एखादा वादक मान फेकतो म्हणून कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही. ती परंपराच आहे.

प्रश्न वेगळा आहे आणि तो पेटी वाजवणाऱ्याला चटकन दिसतो. पियानोची पट्टी खाली जाते जेमतेम एक सेंटिमीटर. तेवढ्या प्रवासात आतली हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेला लागण्याच्या जरा आधीच यंत्रणेतून सुटते. सुटली की संपलं. त्यानंतर बोटाने काहीही केलं तरी त्या स्वराचा पोत बदलत नाही. पट्टी सोडून स्वर बंद करता येतो, पेडलने लांबवता येतो, बस. म्हणजे जे काही करायचं ते स्वर लागण्याच्या आधी : खांदा सैल सोडणं, दंडाचं वजन मनगटातून उतरू देणं, श्वास घेणं. या हालचाली खऱ्या कामाच्या, कारण त्यांनी हातोडीचा वेग ठरतो. स्वर लागून गेल्यावरच्या हालचाली मात्र श्रोत्यांसाठी असतात. डावीकडच्या खुर्चीवरून हा फरक लख्ख दिसतो, आणि म्हणूनच मला ही जागा मोलाची वाटते.

शोपँच्या नॉक्टर्नचं बघा, ऑपस 27 मधली दुसरी. सुरुवातीला नुसता डावा हात, रुंद पसरलेल्या स्वरांची संथ लाट. मग उजव्या हाताचा एकच लांब स्वर, आणि त्यातून चाल सुटते. तो स्वर वादकाने लावला सुरेख. आणि मग, स्वर लागून गेल्यावर, बोट पट्टीवर ठेवून हलवायला लागला, आपण सतारीवर तार ओढून मींड घ्यावी, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जावं, तसं. डोळे मिटलेले, चेहरा छताकडे. आत हातोडी केव्हाच तारेपासून मागे आलेली. पियानोच्या आधीच्या क्लॅव्हिकॉर्डवर अशा दाबाने स्वर खरंच कंप पावायचा, कारण तिथे पट्टीला जोडलेलं पातं तारेला चिकटूनच राहतं. पियानोत ती सोय नाही, पेटीतही नाही. आमच्या पेटीवर मींड येत नाही म्हणून 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीने तिला दारात उभं केलं नव्हतं. त्यामुळे न येणारी मींड कुणी हाताने दाखवायला लागलं की मला ते टोचतं. माझ्या मागच्या रांगेतून त्याच क्षणी “वाह” आलं. स्वराला आलं असतं तर आनंद होता, पण ते दोन सेकंद उशिरा, बोट हलल्यावर आलं.

श्रोत्यांना दोष देत नाही. 2013 साली चिया-जुंग त्साय या संशोधिकेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तिघांच्या छोट्या फिती लोकांना दिल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना अंदाजपंचेपेक्षा बरं जमलं नाही. मूक चित्र बघणाऱ्यांना मात्र निम्म्याच्या आसपास वेळा जमलं. संगीतातल्या जाणत्यांचंही तेच. डोळा कानाच्या पुढे धावतो, आणि वादकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणूनच काहींनी उलटी वाट धरली. रिख्टर उतारवयात हॉल अंधारा करून, फक्त कागदावर पडेल एवढ्या दिव्यात वाजवायचे. होरोविट्झ यांची बोटं आडवी, धड जवळपास स्थिर, आणि आवाज मात्र गडगडाटाचा. ब्रेंडेल यांनी स्वतःला टीव्हीवर पाहिलं, चेहरा आणि हात संगीताच्या विरुद्ध काहीतरी सांगताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी सराव करताना शेजारी आरसा ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाने असा आरसा लावून घ्यावा, याचं मला अतोनात कौतुक आहे.

आपल्याकडेही हा विचार जुनाच. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात गायकाचे पंचवीस दोष मोजले, त्यांत मान वाकडी करणारा आहे, हातपाय पसरणारा आहे, डोळे मिटून गाणाराही आहे. आणि तरी भीमसेनजींची मैफल ज्यांनी समोरून पाहिली, त्यांना हात, मान, अख्खं शरीर तानेत उतरलेलं आठवत असेल. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, कारण हात आधी जायचा आणि तान त्याच्या मागून यायची.

या वादकालाही ते जमतं, हे मुद्दाम सांगायला हवं. बीथोवनच्या शेवटच्या भागात एकाच चालीची रूपं एकामागून एक येतात आणि अखेरीस लांबच लांब ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने आलटूनपालटून थरथर, सुरू होते. तिथे तो हललासुद्धा नाही. पाठ सरळ, कोपर शांत, नजर पट्ट्यांवर. फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी खांदे जरासे उतरत होते, आणि पुढचा आवाज कसा येणार ते मला आधी कळत होतं. संध्याकाळचं सगळ्यात चांगलं वाजवणं ते होतं. लिस्टच्या रचनेत हात डोक्यापर्यंत उडाले, तेही मला पटलं. ती रचनाच तशा माणसाची. उडी मारून दूरची पट्टी गाठायची तर हात उचलावाच लागतो, आणि तो जोरात उचलला तर बघायला मजा येते. लोक उभे राहिले, भाचीही उभी राहिली, मीही राहिले.

आता हॉलबद्दल. आवाजाला पाचपैकी पाच. ट्रिलखालचा डाव्या हाताचा बारीक स्वरही सुटा ऐकू येत होता, आणि एवढा मोठा पियानो कुठेही कर्कश झाला नाही. चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते, पण वेळ हाताशी ठेवून निघा. सोनाट्याच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवू नका. त्या दिवशी वाजल्या, आणि वादकाला हात मांडीवर घेऊन थांबावं लागलं.

तिकीट काढताना पियानो शिकणारं मूल बरोबर असेल तर डावीकडे, पुढून सहाव्या-सातव्या रांगेच्या आसपास घ्या, आणि त्याला एवढंच सांगा : हात स्वराआधी हलतो का नंतर, ते बघ. ज्यांना हे काहीच बघायचं नाही, फक्त ऐकायचंय, त्यांनी उजवीकडची मागची खुर्ची घ्यावी. झाकणावरून आवाज सरळ तिकडे येतो, आणि हात पियानोच्या आड राहतात.